फुकट मिळत असताना पैसे का मोजायचे?

सप्टेंबर २०१२मध्ये अमेरिकेत एक आगळी खरेदी झाली. ‘द वेल’ नावाचा ऑनलाइन कट्टा त्याच्या मालकाने, म्हणजे ‘सलोन’ या माध्यम कंपनीने, विकायला काढला होता. बाहेरचे गिऱ्हाईक येण्याची वाट न बघता कट्ट्यावरच्या जुन्या सभासदांनीच पैसे गोळा केले आणि ४ लाख डॉलरना तो विकत घेतला. फेसबुक, ट्विटर, युट्यूब तोवर सर्वत्र पोचले होते आणि त्यांच्यासाठी एक पैसाही मोजावा लागत नव्हता. तरीही ही मंडळी वर्षानुवर्षे वर्गणी भरून ‘द वेल’वर गप्पा मारत होती. वेळ आली तेव्हा त्यांनी ती जागाच वाचवली.

एकमेकांना कधी न भेटलेल्या माणसांना जोडणारा कोणताही ऑनलाइन कट्टा चालवायला खर्च येतो. सर्व्हरचे भाडे, बिघाड दुरुस्त करणारे तंत्रज्ञ, भांडणे सोडवणारे आणि शिवीगाळ हटवणारे नियामक, यांपैकी काहीच फुकट नसते. हा खर्च भागवायला जाहिराती घ्याव्यात, देणग्या मागाव्यात की पैसे भरणाऱ्यांसाठी खास ‘प्रीमियम’ सभासदत्व काढावे, हा प्रश्न गेली चाळीस वर्षे असे कट्टे चालवणाऱ्यांना छळतो आहे. त्याची जी उत्तरे टिकली आणि जी फसली, त्यांत माणसाच्या स्वभावाविषयी शिकण्यासारखे बरेच आहे.

‘द वेल’पासूनच पाहू. १९८५ साली स्टुअर्ट ब्रँड आणि लॅरी ब्रिलियंट यांनी सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सॉसलिटो गावातून तो सुरू केला. वेब जन्मालाही यायचे होते. सभासद टेलिफोनच्या तारेवरून संगणक जोडत आणि त्यासाठी महिन्याला ८ डॉलर, शिवाय जोडणीच्या प्रत्येक तासाला २ डॉलर मोजत. चित्रे नाहीत, आवाज नाही, पडद्यावर नुसती अक्षरे. पण ‘ग्रेटफुल डेड’ या रॉक बँडचे चाहते तासन्‌तास तिथे ठाण मांडून बसत आणि सुरुवातीच्या काळात कट्ट्याच्या उत्पन्नाचा मोठा वाटा त्यांच्याकडून येई. प्रत्येकाने आपली खरी ओळख द्यायची आणि आपल्या शब्दांची जबाबदारी आपणच घ्यायची, असा तिथला नियम होता. हॉवर्ड ऱ्हाइनगोल्ड यांनी १९९३ साली ऑनलाइन समुदायांवर जे गाजलेले पुस्तक लिहिले, त्याचा मोठा भाग याच कट्ट्यावरच्या अनुभवातून आला. आजारपणात धीर देणारे, मुलांच्या तापावर रात्री सल्ला देणारे शेजारी लोकांना या कट्ट्यावर भेटले होते, आणि ते वर्गणी भरत होते ती या शेजाऱ्यांसाठी.

अर्थात, असे पैसे देणारे नेहमीच थोडे असतात. वेबच्या वापराचा अभ्यास करणारे जेकब नील्सन यांनी २००६ साली एक ढोबळ प्रमाण मांडले. बहुतेक ऑनलाइन समुदायांत शंभरातले ९० जण फक्त वाचतात, ९ जण अधूनमधून लिहितात आणि उरलेला एक जण बाकी सगळा मजकूर घडवतो. ज्या कट्ट्यावर लिहिणारेच इतके कमी, तिथे पैसे देणारे किती असणार? त्यामुळे ‘एक लाख लोक रोज येतात, प्रत्येकाने दहा रुपये दिले तरी’ हे गणित कागदावरच राहते. खरा प्रश्न असतो तो पैसे देणारे ते थोडे लोक कोण, हा.

या प्रश्नाचा सर्वांत चांगला अभ्यास ‘लास्ट डॉट एफएम’वर झाला. २००२ साली लंडनमध्ये सुरू झालेल्या या संकेतस्थळावर लोक गाणी ऐकत, आपल्यासारखी आवड असणाऱ्यांशी मैत्री करत, गट काढत आणि त्यांत लिहीत. यातले बरेच काही मोफत होते. महिन्याला ३ डॉलर भरणाऱ्यांना जाहिरातींपासून सुटका आणि आणखी काही सोयी मिळत. तेल अवीव विद्यापीठातील गाल ऑस्ट्रायशर-सिंगर आणि लिओर झालमनसन यांनी या सभासदांच्या वावराचा अभ्यास करून २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पैसे भरायला जास्त तयार कोण? जास्त गाणी ऐकणारे, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात पैसे भरण्याशी जास्त घट्ट नाते दिसले ते गटांत सामील होण्याचे, लिहिण्याचे, गट चालवण्याचे. नुसता माल उपभोगणाऱ्यापेक्षा चार जणांत मिसळलेला माणूस खिशात हात घालायला लवकर तयार होत होता.

मिनेसोटा विद्यापीठातील रवी बापना आणि अखमेद उम्यारोव यांनी त्याच संकेतस्थळावर एक पाऊल पुढे जाऊन प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकून निवडावेत तसे काही सभासद निवडले आणि त्यांना प्रीमियम सभासदत्व भेट दिले. मग त्यांच्या मित्रांवर लक्ष ठेवले. मित्राच्या नावापुढे प्रीमियमची खूण दिसू लागली, तेव्हा इतरांनी स्वतःचे पैसे भरून ते घेण्याची शक्यता ६० टक्क्यांहून अधिक वाढली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. ज्यांचे मित्र थोडे, त्यांच्यावर हा परिणाम जास्त झाला. शेकडो ओळखींच्या गर्दीत एकाची खूण नजरेत भरत नाही. पाच-सात जणांच्या कंपूत मात्र ती लगेच भरते.

महाराष्ट्रात गणेशोत्सवाची वर्गणी गोळा करणाऱ्या कोणत्याही कार्यकर्त्याला हे सांगावे लागणार नाही. ओळखीचा पोरगा दारात उभा असला, शेजाऱ्याने दिलेली रक्कम पावतीपुस्तकात दिसली आणि गेल्या वर्षीचा जमाखर्च मंडळाच्या फळ्यावर लागलेला असला, की माणूस फारशी घासाघीस करत नाही.

मग पैसे देणाऱ्याला मिळते तरी काय? याची उत्तरे कट्ट्यागणिक वेगळी आहेत.

‘रेडिट’ हे आज अवाढव्य संकेतस्थळ आहे, पण २०१० साली ते मूठभर कर्मचाऱ्यांवर चालत होते आणि वाचकांची संख्या झपाट्याने वाढत होती. जुलै महिन्यात त्यांनी सभासदांपुढे उघडपणे अडचण मांडली आणि ‘रेडिट गोल्ड’ सुरू केले. सुरुवातीला ठरावीक किंमतही नव्हती. ज्याला जेवढे वाटेल तेवढे त्याने द्यावे, सोयी हळूहळू येतील, असा मामला होता. पुढे महिन्याला ३.९९ डॉलर किंवा वर्षाला २९.९९ डॉलर असा दर ठरला. पण या योजनेत खरा जीव आला तो २०१२मध्ये, जेव्हा दुसऱ्याच्या आवडलेल्या प्रतिसादाला ‘गोल्ड’ भेट देण्याची सोय झाली. एखाद्याने जीव ओतून लिहिलेल्या चार ओळींशेजारी सोनेरी खूण झळकू लागली. देणाऱ्याला कौतुकाचे समाधान मिळे आणि घेणाऱ्याला मान. कोणाला मिळालेल्या गोल्डमुळे सर्व्हर किती वेळ चालला हे त्याच्या पानावर लिहिलेले असे आणि दिवसभराच्या उद्दिष्टापैकी किती भाग पूर्ण झाला हेही सर्वांना दिसे. आपल्या चार डॉलरचे काय झाले, हे माणसाला डोळ्यांनी दिसत होते.

‘डिस्कॉर्ड’चा मार्ग थोडा वेगळा. व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांना आपसांत बोलता यावे म्हणून २०१५ साली सुरू झालेल्या या सेवेने बोलणे, लिहिणे, गट काढणे हे सारे मोफत ठेवले. जानेवारी २०१७मध्ये आलेल्या ‘नायट्रो’ या सशुल्क योजनेत हलणारी प्रोफाइल चित्रे आणि आपल्या गटाचे खास इमोजी कुठेही वापरण्याची मुभा होती. वरवर पाहता या किरकोळ गोष्टी आहेत. पण ज्या तरुणांचा दिवसातला मोठा वेळ तिथे जातो, त्यांच्यासाठी चारचौघांत उठून दिसणे किरकोळ नसते. २०१९मध्ये कंपनीने ‘बूस्ट’ आणले. त्यात एकाने पैसे भरले की त्याच्या सगळ्या गटाला फायदा मिळतो, आवाज अधिक स्वच्छ होतो, इमोजींच्या जागा वाढतात. यामुळे पैसे भरणारा गटाचा आश्रयदाता ठरतो.

आणि ‘लिचेस’ तर याच्याही पलीकडचे उदाहरण. थिबो दुप्लेसी या फ्रेंच प्रोग्रामरने २०१० साली सुरू केलेले हे बुद्धिबळाचे संकेतस्थळ आज फ्रान्समध्ये नोंदलेली ना-नफा संस्था चालवते. डावांचे संगणकी विश्लेषण, कोडी, स्पर्धा, शिकवणी, सगळे सर्वांना मोफत. जाहिरात औषधालाही नाही. दरमहा पैसे देणाऱ्या ‘पेट्रन’ला फुकट खेळणाऱ्यापेक्षा एकही सोय जास्त मिळत नाही. त्याच्या नावाशेजारी पंखाचे छोटे चिन्ह येते, एवढेच. तरी ही संस्था प्रामुख्याने अशा देणग्यांवर चालते. दुसऱ्या गावातल्या, कदाचित दुसऱ्या खंडातल्या एखाद्या मुलाला चांगले बुद्धिबळ फुकट खेळता यावे, एवढ्यासाठी लोक पैसे देतात आणि ते अभिमानाने दाखवतात.

फसलेले प्रयोगही तितकेच बोलके आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांची चूक दोहोंपैकी एक आहे. आधी दिलेले काढून घेतले गेले, किंवा विकू नये ते विकले गेले.

‘फ्लिकर’ हे छायाचित्रांचे संकेतस्थळ २००४ साली व्हँकुव्हरमध्ये सुरू झाले. फुकट खातेदाराला आपली शेवटची २०० छायाचित्रेच दिसत. सगळी हवी असतील तर वर्षाला २४.९५ डॉलर भरून ‘प्रो’ व्हायचे. हौशी छायाचित्रकारांनी हा व्यवहार आनंदाने मान्य केला, कारण तिथले गट, शेरे आणि शिकणे त्यांना प्रिय होते. २००५मध्ये याहूने फ्लिकर घेतले आणि २०१३ साली मोबाइल ॲपच्या स्पर्धेला घाबरून सर्वांना १ टेराबाइट जागा फुकट देऊन टाकली. जुन्या ‘प्रो’ची नवी विक्री थांबली. पाच वर्षांनी, एप्रिल २०१८मध्ये, ‘स्मगमग’ या कंपनीने फ्लिकर विकत घेतले आणि नोव्हेंबरात जाहीर केले की फुकट खात्यावर आता १,००० छायाचित्रेच राहतील, जास्त हवी असतील तर वर्षाला ४९.९९ डॉलर भरा. व्यवसाय म्हणून हा निर्णय समजण्यासारखा होता. पण ज्यांनी पाच वर्षे विश्वासाने हजारो छायाचित्रे तिथे ठेवली होती, त्यांना ते डोक्यावर बंदूक धरल्यासारखे वाटले. डिसेंबर २०१९मध्ये कंपनीचे प्रमुख डॉन मॅकअ‍ॅस्किल यांना सभासदांना पत्र लिहून सांगावे लागले की फ्लिकर अजून तोट्यात आहे आणि ते जगवायचे असेल तर आणखी सभासदांनी ‘प्रो’ व्हायला हवे. पंधरा वर्षांपूर्वी लोक जे आपणहून देत होते, त्यासाठी आता विनवणी करावी लागत होती.

‘लाइव्हजर्नल’ची कथा याहून चटका लावणारी आहे. ब्रॅड फिट्झपॅट्रिक या विद्यार्थ्याने १९९९ साली मित्रांसाठी काढलेल्या या दैनंदिनी-लेखनाच्या जागेवर लोक जास्तीच्या प्रोफाइल चित्रांसाठीही हौसेने पैसे भरत. मालक बदलत गेले. मार्च २००८मध्ये नव्या रशियन मालकांनी जाहिरातमुक्त मोफत खाते उघडण्याची सोय गाजावाजा न करता बंद केली. सभासदांनी २१ मार्चला चोवीस तासांचा संप पुकारला, त्या दिवशी काहीही लिहायचे नाही असे ठरवले. पुढच्या वर्षी तिथल्याच माजी कर्मचाऱ्यांनी ‘ड्रीमविड्थ’ उभे केले. त्यावर जाहिरात कधीच येणार नाही, खर्च सभासदांच्या पैशांतून निघेल, हे त्यांनी पहिल्यापासून लिहून ठेवले. चाहत्यांच्या कथालेखनासाठी उभ्या राहिलेल्या ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’चा जन्मही याच असंतोषाच्या काळातला. ते चालवणाऱ्या ना-नफा संस्थेला वर्षात १० डॉलर देणाऱ्याला संचालक मंडळाच्या निवडणुकीत मत मिळू शकते. पैशांच्या बदल्यात सोयीऐवजी अधिकार देण्याची ही कल्पना फार कमी जणांना सुचली आहे.

विकू नये ते विकण्याचे उदाहरण तर ताजेच आहे. ट्विटरवरची निळी खूण म्हणजे ‘हे खाते खरोखर याच व्यक्तीचे आहे’ अशी ग्वाही होती. नोव्हेंबर २०२२मध्ये इलॉन मस्क यांनी ती महिना ८ डॉलरना विक्रीस काढली. काही दिवसांतच ‘एली लिली’ या औषध कंपनीच्या नावाने कुणीतरी निळी खूण विकत घेऊन ‘इन्सुलिन आता मोफत’ असे जाहीर केले आणि खऱ्या कंपनीला लोकांची माफी मागावी लागली. खुणेची विक्री घाईघाईने थांबवून महिनाभराने नव्या रूपात आणावी लागली. मान कमावलेला असतो तोवरच त्याला किंमत असते. रेडिटवर प्रतिसादाशेजारची सोनेरी खूण दुसऱ्याने द्यायची होती. इथे आपणच आपल्या नावापुढे खूण लावायची होती.

पैसे न मागण्यातही धोका आहे, हे ‘मेटाफिल्टर’वरून कळते. मॅट हॉई यांनी १९९९ साली काढलेल्या या कट्ट्यावर नोव्हेंबर २००४पासून सभासद होताना एकदाच ५ डॉलर भरावे लागत. पाच डॉलरमुळे उत्पन्न फारसे झाले नाही, पण टवाळखोर दाराबाहेर राहिले आणि चर्चेचा दर्जा टिकला. खर्च मात्र गुगलच्या जाहिरातींवर भागत होता. नोव्हेंबर २०१२मध्ये गुगलने शोधाच्या पद्धतीत बदल केला आणि तिथून येणारे वाचक सुमारे ४० टक्क्यांनी घटले. मे २०१४मध्ये चांगल्या नियामकांना कामावरून कमी करण्याची वेळ आली. ही बातमी सांगितल्यावर सभासदांनी एकरकमी आणि दरमहा मदत सुरू केली आणि कट्टा तगला. एका दूरच्या कंपनीच्या निर्णयावर आपली जागा अवलंबून आहे, हे त्यांना तोवर ठाऊकच नव्हते. आधी ठाऊक असते, तर मदतही आधी आली असती.

या सगळ्या उदाहरणांतून एक गोष्ट स्वच्छ दिसते. पैसे मागण्याची वेळ येण्याआधी माणूस त्या जागेत रुळलेला असावा लागतो. त्याने तिथे काही लिहिलेले असावे, कोणाला मदत केलेली असावी, दोन-चार नावे त्याच्या ओळखीची असावीत. मूळ गप्पा आणि मूळ सोयी सर्वांना खुल्या राहिल्या तरच हे रुळणे घडते, कारण फुकट वाचणाऱ्यांतूनच उद्याचे वर्गणीदार येतात. बापना, उम्यारोव आणि जुई रामप्रसाद यांच्या २०१८च्या अभ्यासाने याला आणखी एक पदर जोडला. पैसे भरल्यावर सभासदाचा तिथला वावर आणखी वाढतो. वर्गणी ही नात्याची अखेर नसते, त्याने नाते घट्टच होते.

मात्र मागण्याची रीत स्वच्छ हवी. सुरुवात एका बटणावर आणि बंद करायला दहा पाने, ‘नको, मला शिकायचे नाही’ असे म्हणायला लावून शरमिंदे करणारी बटणे, ‘शेवटचे दोन तास सवलत’ असा खोटा धाक, या युक्त्या ॲपच्या जगात बोकाळल्या आहेत. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ला अशा १३ फसव्या पद्धतींवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. वर्गणीच्या सापळ्यात अडकवणे आणि नकार देणाऱ्याला लाजवणे या दोन्हींचा त्यांत नावानिशी समावेश आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गणीची सूचना ग्राहकाला किमान २४ तास आधी द्यावी लागते आणि ती नाकारण्याची सोयही द्यावी लागते. सभासदाला विसर पडावा आणि पैसे कापले जात राहावेत, यावर ज्याचा धंदा चालतो त्याला कट्टा म्हणता येत नाही.

मराठी माणसाला ऑनलाइन कट्टा नवा नाही. ‘मायबोली’ १९९६पासून आहे, म्हणजे गुगलच्याही आधीपासून. ‘मिसळपाव’, ‘ऐसी अक्षरे’ अशा जागांवर जगभरच्या मराठी मंडळींनी कथा, प्रवासवर्णने, पाककृती, वादविवाद यांचा मोठा साठा केला आहे आणि तो कोणालाही फुकट वाचता येतो. अलीकडे मराठीत युट्यूब वाहिन्या, पॉडकास्ट, अभ्यासगट, वाचनगट उभे राहत आहेत आणि त्यांतले काही सभासदत्व मागू लागले आहेत. वाचकाने अशा वेळी तीन गोष्टी पाहाव्यात. पैसे कशावर खर्च होतात हे सांगितले आहे का, काल जे मोफत होते ते आजही मोफत आहे का, आणि बाहेर पडणे आत येण्याइतकेच सोपे आहे का. तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल आणि त्या जागेने आपल्याला वर्षभरात काही शिकवले असेल, चार चांगली माणसे दिली असतील, तर वर्गणी जरूर भरावी. आणि कट्टा चालवणाऱ्यांनी आपला हिशेब आजच सभासदांपुढे ठेवावा, अडचण दारात येऊन ठेपण्याची वाट पाहू नये.